हंगामात आज्या फार मरतात

आमच्या घरात वर्षाचे दोनच ऋतू. एक प्रवेशाचा आणि दुसरा प्रवेश संपल्यावर अंग टाकायचा. सूनबाई एका मोठ्या कॉलेजात प्रवेश अधिकारी आहे. मोठं म्हणजे नाकानं मोठं. ढिगांनी पोरं अर्ज करतात, त्यातली मूठभर आत घेतात, आणि जितकी जास्त पोरं दारातून परत पाठवतील तितकं त्या कॉलेजचं नाव होतं. मी आपली जन्मभर समजत होते, ज्या घरातून जास्त माणसं जेवून जातात ते घर मोठं. इथं उपाशी पाठवलेली मोजतात.

सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा शाळेत शिकवायची. बस कंडक्टरची मुलगी. कामाला चोख, बोलायला तोडकी. तिनं स्वतः शिकायच्या वयात याच कॉलेजात अर्ज केला होता, घेतलं नाही. पुढे त्याच कॉलेजनं तिला नोकरीवर घेतलं, का तर गठ्ठे भराभर वाचते आणि सुट्टी मागत नाही. शिकायला नको होती, राबायला चालली. याचा राग तिला आलेला मी कधी पाहिला नाही. मला येतो. घरात कुणीतरी धरून ठेवायला हवा ना.

पहिल्या वर्षी ती अर्ज वाचताना रडायची. मार्कांच्या कागदाबरोबर पोरांना स्वतःच्या आयुष्यावर एक लेख पाठवावा लागतो. मला कुणी घडवलं, माझ्यावर काय प्रसंग आला, असं. जेवणाच्या टेबलावर गठ्ठा मांडून ही बसायची आणि पदरानं डोळे पुसायची.

“काय झालं गं?”

“याची आजी गेली हो, आई.”

दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. आठवडा संपेपर्यंत इतक्या आज्या गेल्या की मला वाटलं कुठंतरी साथ आलीय, आपण पाणी उकळून प्यावं. दुसऱ्या वर्षी तिचे डोळे कोरडे राहिले. तिसऱ्या वर्षापासून चहा ढवळत म्हणायला लागली, “आणखी एक आजी गेली. साखर द्या जरा.”

नाव कुणाचंही सांगायची नाही, ते तिच्या कामात बसत नाही. पण मरण तेवढं कळायचं. आजोबा त्या मानानं कमी मरतात. कुत्री त्याहून कमी. आईबापांना मारायची छाती कुणाची होत नाही, कारण फी तेच भरणार असतात.

ज्यांच्या घरात मरायला कुणी मोकळं नसतं ती पोरं गरिबांच्या वस्तीत जातात. एक दुपार जायचं, चार फोटो काढायचे, आणि लिहायचं की गरिबांनी मला हसायला शिकवलं. गरीब काय शिकला ते कुणी विचारत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीनं तर एकाकी म्हाताऱ्यांसाठी मंडळ काढलं. अध्यक्ष ती, सचिव तिचा भाऊ, खजिनदार तिची आई. जिना चढताना मी मधल्या पायरीवर दम खायला बसते. अध्यक्षबाई मला ओलांडून जातात.

आणि पोरं परवडली असे त्यांचे आईबाप. हंगाम आला की सूनबाईला अख्खं गाव ओळखायला लागतं. बाजारात एक बाई हिच्या मागे मागे फिरून हिच्या पिशवीत टोमॅटो टाकत होती. ही एका बाजूनं काढतेय, ती दुसऱ्या बाजूनं टाकतेय. शेवटी भाजीवाला म्हणाला, “बाई, कुठंतरी ठरवा, माझा तराजू दमला.” दातांच्या डॉक्टरनं तर कमाल केली. हिची दाढ ठणकत होती म्हणून गेली. हिचं तोंड उघडं, आत कापूस, नळी, त्याचं ते गुरगुरणारं यंत्र, आणि तो सुरू झाला, “मॅडम, माझी मुलगी यंदा तुमच्याकडे अर्ज करतेय. फार हुशार आहे. लक्ष ठेवाल ना?” ही काय बोलणार? घशातून आवाज काढला. त्यानं तो होकार धरला आणि पैसे घ्यायला नको म्हणाला. ही टेबलावर पैसे ठेवून अर्ध्या दाढेनिशी घरी आली. तो सबंध हंगाम लवंग धरून काढला बिचारीनं.

यंदा मात्र रांगेत घरचंच माणूस होतं. माझ्या लेकीचा मुलगा.

लेक माझी आहे म्हणून स्पष्ट बोलते. नाकापेक्षा मोती जड अशी तिची गत आहे. नवरा दुकानात काउंटरवर उभा राहतो, पण ही शेजारणीला सांगताना “आमचा व्यापार” म्हणते. पोराला त्या मोठ्या कॉलेजात घालायचं हे तिनं तो पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. पोरगा वाईट नाही. मऊ आहे. आई वळवेल तिकडे वळतो.

अर्ज भरायच्या दिवसांत ती आली आणि सरळ सूनबाईपुढे बसली.

“वहिनी, घरचं माणूस तिथं असून उपयोग काय मग?”

“ताई, नात्यातलं मूल असलं की त्याचा अर्ज माझ्यापुढे येतच नाही. अर्जातच विचारतात, नातेवाईक इथं कामाला आहे का. हो लिहिलं की तो गठ्ठा शेजारच्या खोलीत जातो. त्यावर माझ्याशी कुणी चकार शब्द बोलायचा नाही, मी कुणाशी नाही.”

“बोलू नका. सुचवता तर येईल?”

“नाही.”

“नुसतं खोकायला तरी?”

“चहा घ्या ताई, निवतोय.”

लेक फणकाऱ्यानं स्वयंपाकघरात आली आणि माझ्यावर घसरली. “आई, ऐकून ठेव. हिच्यापायी माझा पोरगा बाहेर राहिला ना, तर या घराचा उंबरा मी पुन्हा चढायची नाही. मग बस तुझ्या सुनेला घेऊन.”

मी म्हटलं, “आवाज कमी कर, दूध नासेल.” पण मनात चर्र झालं. एकच लेक आहे मला. आणि ती बोलली की करते, ही खोड तिला माझ्याकडूनच आलेली.

पोराचा लेख लिहायला तिनं माणूस ठेवला. असे लोक आता गल्लोगल्ली झालेत. स्वतःला मार्गदर्शक म्हणवतात. मी शिंपी म्हणते. पोराचं माप घ्यायचं आणि आयुष्य शिवून द्यायचं, जिथं तोकडं पडेल तिथं अस्तर लावायचं. यानं काय शिवलं ते मला ठाऊक नव्हतं, सूनबाईला तर कळायचा प्रश्नच नव्हता.

शेजारच्या खोलीत जे वाचक बसतात त्यांना ऑफिसात सगळे हळवे म्हणतात. आडनाव नव्हे, स्वभाव. इतकी वर्षं झाली, अजून प्रत्येक मरणाला रडतात. सूनबाई म्हणते, त्यांच्या गठ्ठ्याचे कागद नेहमी दमट असतात.

हंगाम शेवटाला आला. आणि एके दिवशी सूनबाई घरी आली ती विचारात.

“आई, ऑफिसात काहीतरी शिजतंय. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. हळव्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं. आणि आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, आज लवकर घरी जा.”

“मग बरंच आहे की.”

“ऐन हंगामात लवकर घरी? आई, त्या बाईंनी मला माझ्या बाळंतपणात फायली पाठवल्या होत्या. नोकरी जाणार माझी.”

रविवारी दुपारी उलगडा झाला. माझा मुलगा बाहेर गेला होता, सूनबाई आतल्या खोलीत गठ्ठ्यात डोकं घालून बसली होती. बेल वाजली म्हणून मी दार उघडलं. एक किडकिडीत गृहस्थ, फिकट सदरा, हातात पांढरी फुलं.

“मी त्यांच्या ऑफिसातला. शेजारच्या खोलीत असतो.”

“या ना. ती कामात आहे, बोलावते.”

“नको, नको. अशा दिवसांतसुद्धा काम करतायत, धन्य आहे. आम्हाला साधं कळवलंही नाही हो त्यांनी.”

“काय कळवलं नाही?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “त्यांच्या सासूबाई वारल्याचं. खरं तर मला हे बोलायची परवानगी नाही, पण माणुसकी म्हणून काही असतं की नाही? तुम्ही त्यांच्या कोण?”

“सासू.”

हळव्यांनी चष्मा लावला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा काढला.

“म्हणजे… चुलत?”

“सख्खी. एकच आहे तिला. तेवढी तिला पुरते.”

गृहस्थ दाराजवळच्या चपलांच्या स्टुलावर मटकन बसले, फुलं मांडीवर. मी फुलं काढून घेतली आणि तांब्यात ठेवली. फुलांनी काय कुणाचं वाईट केलंय?

आवाज ऐकून सूनबाई बाहेर आली. केस विस्कटलेले, कानाला पेन. हळवे ताडकन उठले. “तुमच्या भाच्याच्या लेखात…” एवढं म्हणाले आणि स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. पण बाण सुटला होता. सूनबाईनं तांब्यातली फुलं पाहिली, मला पाहिलं, त्यांना पाहिलं. दर हंगामाला इतक्या आज्या पोचवलेल्या बाईला आणखी काय सांगावं लागतं?

“आई गेल्या असं लिहिलंय त्यानं?”

“मी सांगू शकत नाही,” हळवे म्हणाले. मग लगेच सांगायला लागले. “पण काय लिहिलंय हो! मामाच्या घरी राहणारी आजी, शेवटचं आजारपण, हा तिच्या उशाशी. तिच्या सुरकुत्यांमध्ये मला जगाचा नकाशा दिसला, म्हणतो. आणि जाताना ती त्याचा हात धरून म्हणते, बाळा, ज्ञानाचा दिवा विझू देऊ नकोस.”

“मी असलं बोलेन?” मी म्हटलं. “मरताना तरी माणसानं नीट बोलावं.”

हळवे हाताची बोटं एकमेकांत अडकवून उभे राहिले, आणि मग फार हळू आवाजात म्हणाले, “बघा, मुलाला आज्या दोन असतात. वडिलांकडच्या आजी जर… म्हणजे झालेल्या असतील… तर पोरानं लिहिताना घराची थोडी सरमिसळ केली असेल. वय लहान आहे. तुम्ही तेवढं हो म्हणा. मी पुढे एक अक्षर विचारणार नाही. तो वरच्या गठ्ठ्यात आहे हो, जवळजवळ आत.”

आता गंमत अशी की माझी विहीण खरंच गेलेली आहे. पोरगा जन्मायच्या आधीच गेली. म्हणजे हो म्हटलं तर ते धड खोटंही नव्हतं. एका शब्दाचं काम. पोरगा आत, लेक खूश, घर शाबूत. सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी तांब्यातली फुलं सारखी करत होते, अगदी एकेक करून. तिनं हो म्हटलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं, उलट त्या दिवशी तिच्या चहात साखर जास्त घातली असती. पोटची लेक आहे शेवटी. सत्य कुणाला भाऊबीज घालायला येतंय?

“त्याची दुसरी आजी तो जन्मायच्या आधीच गेली,” सूनबाई म्हणाली. “त्यानं लिहिलीय ती ही. ही तुमच्यासमोर उभी आहे. सोमवारी मोठ्या बाईंना तुम्ही सांगता की मी सांगू?”

हळवे रडले. आजी गेली म्हणून रडले होते, आता आहे म्हणून रडले. “इतका सुंदर लेख हो,” एवढंच म्हणत होते. मी त्यांना चहा दिला. जिवंत बाईच्या हातचा आहे हे कळावं म्हणून जरा कडकच केला.

सोमवारी मोठ्या बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं. माझी समजूत, त्या पोरावर चिडतील. त्या हळव्यांवर चिडल्या, घरी गेल्याबद्दल. आणि सूनबाईवर चिडल्या, तोंड उघडल्याबद्दल.

“तुम्ही गप्प बसला असतात तर मला कळलं नसतं. आता कळलं, म्हणजे मला काहीतरी करणं आलं,” असं त्या म्हणाल्या. शिकलेल्या बाई आहेत, भिंतीवर फ्रेम करून पदव्या लावल्यात. एवढं शिकून माणूस कुठं पोचतं तर इथं. चोरीचा राग नाही, दिवा लावणाऱ्याचा राग.

पोराचा अर्ज वरच्या गठ्ठ्यातून गेला. त्याच्या जागी यादीतला पुढचा अर्ज आला, एका मुलीचा. तो वाचायला सूनबाईपुढे ठेवला, आणि चौथ्या ओळीत तिला दिसलं: तिच्या सुरकुत्यांमध्ये मला जगाचा नकाशा दिसला.

तोच शिंपी. तेच कापड.

ती उठून मोठ्या बाईंकडे गेली. “उरलेल्या सगळ्या अर्जांच्या घरी एकेक फोन करू या,” म्हणाली.

“कशाला? आपण काय खानेसुमारीवाले आहोत? असं आज्यांच्या मागे लागलो तर जागा कुणाला देणार?” मोठ्या बाई म्हणाल्या. हे मात्र त्यांनी खरं सांगितलं.

सूनबाईनं तरी एक फोन केलाच. फोन मुलीनंच उचलला. आजीचं विचारलं तर म्हणाली, परीक्षेच्या आधी गेली. खरंच गेली होती. आवाजावरून कळतं ते, सूनबाई म्हणते, एवढ्या वर्षांत तेवढं तरी कळायला लागलंय. मग तिनं नकाशाचं विचारलं.

“ते सरांनी घातलं,” मुलगी म्हणाली. “मी लिहिलं होतं की तिचे पाय सारखे गार पडायचे, आणि माझे शाळेचे मोजे तिला बरोबर यायचे. सर म्हणाले, मोजे बरे दिसत नाहीत. काढून टाकले.”

हे सांगताना सूनबाई जेवायची थांबली होती. मी त्या शिंप्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाही. एका घरात जिवंत बाई मारली आणि दुसऱ्या घरात मेलेल्या बाईचे मोजे काढून घेतले. भामट्याला दोन्हीकडून तेवढेच पैसे मिळाले असणार.

सूनबाईला प्रत्येक अर्जावर शेवटी एक ओळ लिहावी लागते, की मूल कसं आहे. त्या मुलीच्या अर्जावर तिनं लिहिलं, “आजीला मोजे घालायची.” मोठ्या बाईंनी भुवया वर केल्या, पण सही केली. जागा त्या मुलीला गेली.

लेकीचा फोन आला तो मी कानापासून हातभर लांब धरला, तरी सगळं ऐकू आलं. वहिनी वैरीण, भाऊ नंदीबैल. शेवटी माझा नंबर लागला.

“आणि तू गं? तू तिथंच उभी होतीस ना? तुला सांगता आलं नाही, की ती दुसरी आजी म्हणून?”

“मेलेल्या बाईला कोण विचारतं?” मी म्हटलं.

तिनं फोन आपटला. पुढे फोन नाही, येणं नाही. माझा मुलगा चोरून एकदा जाऊन आला, तर दार पोरानं उघडलं आणि आईनं आतून लावून घेतलं. सूनबाई रोज जेवायला बसताना “ताईंचा फोन?” म्हणून विचारायची, आणि मी नाही म्हटलं की माझ्या ताटात एक घास जास्त वाढायची. मला भूक नसायची, पण तिचा हात मागे सरत नव्हता, म्हणून खाल्लं.

उंबरा न चढणारी लेक पावसाळा संपायच्या आत उंबरा चढून आली. गरज पडली की उंबरे बुटके होतात. बरोबर पोरगा होता. त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि वर बघेना.

“आजी, मी नव्हतं लिहिलं ते,” तो म्हणाला. “सरांनी विचारलं, घरी म्हातारं कोण आहे? आई म्हणाली, आजी आहे. आजारी आहे का? आई म्हणाली, गुडघे दुखतात. सर म्हणाले, गुडघ्यावर भागायचं नाही.”

“झालं ते झालं,” लेक मध्येच म्हणाली. “वहिनी, मी भांडायला आले नाही. एक वर्ष मध्ये घालवायचं आणि पुन्हा अर्ज भरायचा, असं सरांनी सुचवलंय. पुष्कळ मुलं करतात तसं. लेख नवीन लिहून देणार आहेत, वेगळे पैसे न घेता.”

सूनबाई भाजी निवडत होती. “विषय काय?”

“आजोबा.”

“ताई…”

“का? बाबा खरंच गेलेत ना? यात खोटं काय आहे?” लेकीनं माझ्याकडे पाहिलं. “आई, तूच सांग, बाबा गेलेत की नाही?”

“गेलेत,” मी म्हटलं. “तुझ्या लग्नाच्या आधी.”

“मग झालं तर! उशाशी बसला होता एवढंच फक्त—”

“आई, मी आजोबांना पाहिलंच नाही,” पोरगा म्हणाला.

“फोटो आहे की भिंतीवर!”

तेव्हा सूनबाई हसली. आधी नाकातून, मग तोंडातून, मग भाजीची परात मांडीवरून खाली गेली तरी थांबेना. प्रवेशाच्या सबंध हंगामाचं तुंबलेलं हसू होतं ते. मला राग यायला हवा होता, माझाच नवरा होता तो. पण मलाही आवरेना. जिवंतपणी त्या माणसानं मुलांच्या परीक्षेत कधी लक्ष घातलं नाही, आणि आता मेल्यावर नातवाला कॉलेजात घालायला उठवत होते त्यांना.

लेक उठली. “हसा. दात काढा सगळ्या. चल रे.”

पोरगा कोपऱ्यात गेला होता. माझा बंद पडलेला टेबलपंखा त्यानं उलटा करून ठेवला होता आणि सुरीच्या टोकानं स्क्रू काढत होता.

“तू हो पुढे आई. मी नाव घातलंय.”

“कुठं नाव घातलंस?”

“आपल्या डेपोजवळच्या कॉलेजात. काल घातलं. तिथं लेख मागत नाहीत, मार्क बघतात आणि घेतात.”

लेक दारात उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, कुणावर ओरडावं ते ठरेना. मग चपला घातल्या, त्याही उलट्या, आणि तरातरा जिना उतरून गेली. सूनबाई परात उचलून भाजी गोळा करायला लागली.

“मामी, बारका पेचकस आहे का घरात?” पोरानं विचारलं.

“तिसऱ्या खणात बघ,” सूनबाई म्हणाली. “आणि जेवूनच जा आता.”